साबणाच्या साच्यांसाठी लिक्विड सिलिकॉन: टिन की प्लॅटिनम, आणि ठाण्याच्या हवेत ते कसं वागतं

निकाल आधीच सांगतो, कारण बहुतेकांना खरेदीच करायची असते. मेल्ट अँड पोअर (तयार बेस वितळवून ओतायच्या) साबणासाठी स्वतःच्या नक्षीचा साचा ओतायचा असेल तर प्लॅटिनम सिलिकॉन घ्या. ते १:१ प्रमाणाचं, शोअर ए (रबराच्या कडकपणाचं माप) १५ ते २५ कडकपणाचं आणि निदान ४० मिनिटं पॉट लाइफचं, म्हणजे मिसळल्यावर तेवढा वेळ ओतण्याजोगं राहणारं असावं. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि तेलं मिसळून, न शिजवता, कोल्ड प्रोसेस साबण करत असाल आणि लादी ओतून वड्या कापत असाल, तर शोअर ए ३० किंवा थोडं वर जा. टिन सिलिकॉन स्वस्त पडतं, पण ते फक्त तेव्हाच घ्या जेव्हा तुमचा मूळ नमुना, म्हणजे ज्या वस्तूवरून साचा घ्यायचा ती, प्लॅटिनमला सेट होऊ देणार नाही. असे नमुने कोणते ते पुढे येईल, आणि या सगळ्या प्रकारात खरी मेख तिथेच आहे.

दोन्ही सिलिकॉन दोन भागांत येतात आणि खोलीच्या तापमानाला घट्ट होतात. फरक रसायनात आहे: घट्ट करणारा उत्प्रेरक टिनचा की प्लॅटिनमचा, त्यावरून ही नावं. टिनमध्ये घट्ट होताना अल्कोहोल बाहेर पडतं, त्यामुळे साचा नंतरही थोडा आकसतो आणि वर्षं जातील तसा ठिसूळ होतो. प्लॅटिनममध्ये काहीच बाहेर पडत नाही, आकसणं ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतं आणि साचा जास्त काळ टिकतो. साबणाच्या वडीत अर्ध्या टक्क्याचा आकसपणा डोळ्यांना दिसणारही नाही, म्हणून त्या मुद्द्यावर पैसे मोजू नका. पैसे मोजायचे ते आयुष्यासाठी आणि त्वचेला लागणाऱ्या वस्तूसाठी. टिनच्या उत्प्रेरकात टिनची सेंद्रिय संयुगं असतात. अन्नाला लागणाऱ्या साच्यांसाठी टिन सिलिकॉन वापरत नाहीत, आणि उटण्याचा साबण लहान मुलांच्या अंगाला लागणार असेल तर तोच नियम साबणालाही लावावा, असं आमचं मत आहे.

बाटली पाहून ओळखणं

दुकानातल्या पाकिटावर अनेकदा नुसतं ‘मोल्ड मेकिंग रबर’ किंवा ‘आरटीव्ही’ एवढंच लिहिलेलं असतं. आरटीव्ही म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट होणारं, एवढंच. त्यावरून टिन की प्लॅटिनम ते कळत नाही. एक मोठा डबा आणि सोबत छोटीशी ड्रॉपर बाटली असेल आणि ‘१०० ग्रॅमला ३ ग्रॅम’ अशी सूचना असेल, तर ते टिन समजा. दोन्ही भाग सारख्या वजनाचे असतील तर बहुधा प्लॅटिनम. बहुधा म्हणायचं कारण अपवाद आहेत. स्मूथ-ऑन कंपनीचं ओमू ३० टिन आहे, पण मापाने (आकारमानाने) १:१ मिसळतात. गंमत म्हणजे वजनाने तेच प्रमाण १०० ला १३० असं होतं, आणि काट्यावर १:१ घेणाऱ्याचा साचा बिघडतो. म्हणून पाकिटावर प्रमाण मापाचं आहे की वजनाचं, हे सगळ्यात आधी वाचा.

याच कंपनीची आणखी काही सिलिकॉन आपल्याकडच्या रेझिन-आर्टच्या विक्रेत्यांकडे आणि ऑनलाइन मिळतात, आणि त्यांचे तांत्रिक आकडे खुले आहेत, म्हणून तुलनेला सोयीची पडतात. मोल्ड स्टार १५ हे प्लॅटिनम, १:१, पॉट लाइफ ५० मिनिटं, ४ तासांत साचा नमुन्यावरून सुटतो. मोल्ड स्टार ३० ची पॉट लाइफ ४५ मिनिटं आणि सेट व्हायला ६ तास. मोल्ड स्टार १६ फास्ट मात्र ६ मिनिटांत घट्ट व्हायला लागतं आणि अर्ध्या तासात सुटतं. घाईच्या कामाला ते ठीक, पण नवख्या हातांनी आणि ठाण्याच्या मे महिन्यात त्याच्या वाटेला जाऊ नये. टिनमधलं मोल्ड मॅक्स ३० वजनाने १०० ला १०, पॉट लाइफ ४५ मिनिटं, आणि सुटायला पूर्ण दिवस घेतं. ते चिवट आहे, सहज फाटत नाही, पण इतकं दाट आहे की व्हॅक्यूमशिवाय बुडबुडे काढणं जिकिरीचं होतं.

आमचा कौल साबणासाठी मोल्ड स्टार १५ ला, किंवा त्याच आकड्यांच्या दुसऱ्या कोणत्याही प्लॅटिनम सिलिकॉनला. ब्रँडपेक्षा आकडे महत्त्वाचे. विक्रेत्याकडून तांत्रिक माहितीपत्रक मागून घ्या. त्यात शोअर कडकपणा, मिसळायचं प्रमाण, पॉट लाइफ, सुटायचा वेळ, घनता आणि दाटपणा हे सहा आकडे असायलाच हवेत. जो विक्रेता हे पत्रक देऊ शकत नाही, त्याच्याकडून सुटा भरलेला माल घेऊ नका. ‘फूड ग्रेड’ हा शिक्का माहितीपत्रकाच्या जागी चालत नाही.

कडकपणाचा अर्थ साबणाच्या संदर्भात असा: शोअर ए १० म्हणजे फारच लुसलुशीत. बारीक नक्षीतून वडी सहज निघते, पण साच्याच्या भिंती ओतलेल्या साबणाच्या वजनाने फुगतात आणि वडी चौकोनी राहत नाही. ३० च्या पुढे साचा भक्कम, पण मोराच्या पिसाऱ्यासारखी खोल आणि आत वळलेली नक्षी असेल तर काढताना साबणाचीच टोकं मोडतात. सुटी वडी आणि मध्यम नक्षी यांना १५ ते २५ बरोबर बसतं. एक किलोच्या लादीला ३० घ्या आणि तरीही बाहेरून लाकडाची किंवा प्लायची पेटी ठेवा, नाहीतर मधला भाग पोटासारखा सुटतो.

मूळ नमुना: निम्मे साचे इथेच बिघडतात

प्लॅटिनम सिलिकॉनचा उत्प्रेरक फार संवेदनशील असतो. गंधक, टिन, अमाइन (नायट्रोजनची सेंद्रिय संयुगं) ही कुटुंबं त्याला निकामी करतात. मग नमुन्याला लागलेला थर कायमचा चिकट राहतो आणि बाकीचा साचा मात्र छान घट्ट. अशा वेळी माल खराब निघाला असं वाटतं आणि विक्रेत्याशी भांडण होतं, पण दोष नमुन्याचा असतो.

घरात आणि बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंपैकी धोक्याच्या अशा: शाळेतली तेलकट रंगीत क्ले, कारण तिच्यात अनेकदा गंधक असतं. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर केलेला नमुना, ज्यावर अर्धवट घट्ट झालेलं रेझिन उरलेलं असतं. इपॉक्सी पुट्टी, जिच्या हार्डनरमध्ये अमाइन असतात. रबर बँड, लॅटेक्सचे हातमोजे, नैसर्गिक रबराची कुठलीही वस्तू. ताजा ऑइल पेंट. आणि ज्याचा कुणी विचार करत नाही तो म्हणजे तयार साबण. पारदर्शक सोप बेसमध्ये काही वेळा ट्रायइथेनॉलअमाइन घातलेलं असतं, तेही अमाइनच. शिवाय ग्लिसरिनमुळे साबणाला घाम सुटतो आणि त्या ओलाव्याचे खड्डे साच्यात उमटतात. आवडलेल्या साबणाच्या वडीवरून सरळ साचा घ्यायचा मोह म्हणूनच टाळावा. दुसऱ्याच्या नक्षीची नक्कल करायची नाही हा मुद्दा आहेच.

निर्धोक नमुने: पितळ, स्टील, अॅक्रिलिक, पीएलए प्लास्टिकचा थ्रीडी प्रिंट, पूर्ण भाजलेली पॉलिमर क्ले, सुकवून सील केलेली शाडू माती, सील केलेलं लाकूड आणि प्लास्टर. पीएलए प्रिंटवर थरांच्या रेघा असतात. सिलिकॉन त्या एकूण एक उचलतं आणि प्रत्येक साबणावर छापतं. प्रिंट करून देणाऱ्याला ०.१२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक थर सांगा, मग २२० आणि ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारा. घासण्यात गेलेली संध्याकाळ पुढच्या प्रत्येक वडीत दिसते. नमुना चकचकीत असेल तर साबण चकचकीत, नमुना मळकट असेल तर साबण मळकट. साच्यातून चमक नंतर आणता येत नाही.

लाकूड, प्लास्टर, शाडू, भाजलेली माती यांच्या बारीक छिद्रांत सिलिकॉन शिरून बसतं. शिवाय छिद्रांतली हवा बाहेर येऊन बुडबुडे करते. त्यांच्यावर क्लिअर अॅक्रिलिक स्प्रेचे २ ते ३ पातळ हात मारा आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. गंधकाच्या क्लेवर आणि रेझिन प्रिंटवरही हाच स्प्रे मारून पाहतात, पण तिथे तो पक्का उपाय नाही. काच आणि झिलई केलेल्या चिनी मातीची अडचण वेगळी: सिलिकॉन त्यांना चिकटून बसू शकतं. तिथे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर किंवा मोल्ड रिलीज स्प्रे लागतो. जाड लावलात तर ब्रशच्या रेघाही उमटतील.

नमुन्याबद्दल शंका असेल तर एकच चाचणी. नमुन्याच्या पाठीवर किंवा त्याच मालाच्या तुकड्यावर चमचाभर मिसळलेलं सिलिकॉन ओता. दिलेल्या वेळेनंतर खालची बाजू चिकट निघाली, तर तो नमुना प्लॅटिनमसाठी बाद. टिन सिलिकॉन घेण्याचं योग्य कारण हेच. टिनला गंधकाचं आणि अमाइनचं फारसं वावडं नसतं. गंधकाच्या क्लेमध्ये कोरलेला नमुना टिनमध्ये ओतायचा, त्या टिनच्या साच्यात प्लास्टर किंवा पॉलिउरेथेन रेझिनची प्रत काढायची, आणि ती प्रत सुकवून, सील करून, पुन्हा चाचणी घेऊन तिच्यावरून साबणासाठी प्लॅटिनमचा साचा घ्यायचा. काम दुप्पट होतं, पण नमुनाही वाचतो. ध्यानात ठेवा, टिनच्या साच्यात थेट प्लॅटिनम ओतलं तर ते सेट होणार नाही. टिनसाठी वापरलेले कप, काड्या आणि ब्रशसुद्धा प्लॅटिनमपासून वेगळे ठेवा.

किती लागेल, याचा हिशेब

अंदाजाने माल काढला की दोनपैकी एक ठरलेलं: निम्म्यावर संपतं, नाहीतर पाव किलो कपात वाया जातं. ८० मिलिमीटर लांब, ५५ रुंद आणि २५ उंच लंबगोल वडी धरा. तिचं आकारमान साधारण ८६ घन सेंटिमीटर, म्हणजे साबण ९० ग्रॅमच्या आसपास. चार वड्यांचा साचा करायचा तर भोवती आणि मध्ये प्रत्येकी १० मिलिमीटर आणि नमुन्याच्या वर १० मिलिमीटर जाडी ठेवा. पेटी आतून १९० बाय १४० बाय ३५ मिलिमीटर, म्हणजे ९३१ घन सेंटिमीटर. त्यातून चार नमुन्यांचे ३४४ वजा केले की ५८७ उरतात. आता घनतेने गुणा. मोल्ड स्टार १५ ची घनता १.१८, म्हणजे ६९३ ग्रॅम. कपाला आणि काडीला चिकटणारं ५ टक्के धरून ७३० ग्रॅम, दोन्ही भाग ३६५-३६५. तीच पेटी ओमू ३० ने भरायची तर त्याची घनता १.३४, म्हणजे ७८७ ग्रॅम आणि वर वाया जाणारं. किलोचा भाव पाहताना हे कुणी मोजत नाही. घनता जास्त असलेल्या मालाचा किलो कमी जागा भरतो.

त्याच चार वड्या वेगवेगळ्या सुट्या साच्यांत ओतल्या तर ८३० ग्रॅमच्या वर माल जातो. उलट एका साच्यात एक वडी फाटली तर चारही अडतात. विक्रीसाठी रोज ओतणाऱ्यांनी चार किंवा सहाचा साचा करावा, नक्षी अजून ठरत नसेल तर सुटा.

पेटीसाठी सनबोर्ड, अॅक्रिलिक किंवा सनमाइकाच्या पट्ट्या वापरा, कडा ग्लू गनने आतून-बाहेरून बंद करा. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यात लेझर कटिंग करणाऱ्यांकडून ५ मिलिमीटर अॅक्रिलिकच्या पट्ट्या मापाने कापून घेतल्या तर पेटी खोलून पुन्हा पुन्हा वापरता येते. लाकडाचा, भाजलेल्या क्लेचा किंवा आतून पोकळ प्रिंटचा नमुना तळाला पक्का चिकटवायलाच हवा. सिलिकॉन जड असतं, हलका नमुना तरंगून वर येतो आणि सकाळी साच्याला तळच नसतो. पेटी ठेवायची जागा सपाट आहे का ते मोबाइलवरच्या लेव्हलने पाहून घ्या. आपल्याकडच्या किचन ओट्यांना मोरीकडे उतार असतो.

मिसळणं आणि ओतणं

माहितीपत्रकातली पॉट लाइफ साधारण २३ अंश सेल्सिअसला दिलेली असते. तापमान १० अंशांनी वाढलं की ती ढोबळमानाने निम्मी होते. ठाण्यात एप्रिल-मेच्या दुपारी घरात ३३-३४ अंश सहज असतात, म्हणजे मोल्ड स्टार १५ च्या ५० मिनिटांची पंचवीस होतात. पंचवीस मिनिटांत मिसळणं, बुडबुडे काढणं आणि चार नमुन्यांवर ओतणं जमतं, पण फोन उचलायला वेळ नाही. दोन्ही भाग रात्री एसीच्या खोलीत ठेवून सकाळी लवकर ओता. फ्रिजमध्ये ठेवून थंड करू नका. बाहेर काढल्यावर बाटलीवर आणि आत वाफ धरते.

पावसाळ्यात टिनवाल्यांनी जास्त सावध राहावं. टिन सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने घट्ट होतं, त्यामुळे जुलैच्या दमट दिवसात ते नेहमीपेक्षा लवकर धरतं. त्याच्या उत्प्रेरकाची छोटी बाटली उघडी राहिली तर तीही ओलावा ओढते आणि कमजोर होते. वापरल्याबरोबर झाकण घट्ट लावा.

काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, निदान टिनसाठी तरी. १०० ग्रॅमला ३ ग्रॅम उत्प्रेरक घालताना एका ग्रॅमची चूक म्हणजे तेहतीस टक्क्यांची चूक. जास्त पडला तर पटकन धरतं, साचा कडक, ठिसूळ होतो आणि जास्त आकसतो. कमी पडला तर दोन दिवसांनीही लिबलिबीत. लवकर व्हावं म्हणून उत्प्रेरक वाढवणं ही टिन वापरणाऱ्यांची सर्रास सवय आहे, आणि साचे तिसऱ्या महिन्यात कडेला चिरतात ते यामुळेही. प्लॅटिनममध्ये प्रमाण बदलून वेग बदलत नाही, फक्त साचा खराब होतो.

हातमोजे विनाइलचे. काडी सपाट, प्लास्टिकची किंवा स्टीलची. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांत ओल असते, त्यातून बुडबुडे येतात. बाटल्यांच्या तळाला भराव बसलेला असतो, म्हणून प्रत्येक भाग आधी स्वतंत्रपणे ढवळा, वेगळ्या काड्यांनी, आणि झाकणांची अदलाबदल होऊ देऊ नका. मग दोन्ही एकत्र करून ३ मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या भिंती आणि तळ खरवडत. फेटायचं नाही. नंतर सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी मिनिटभर ढवळा. हा दुसरा कप पुष्कळांना उगाचचा वाटतो, पण पहिल्या कपाच्या भिंतीला राहिलेलं न मिसळलेलं सिलिकॉन शेवटी ओघळून साच्यात उतरतं आणि तिथे चिकट डाग राहतो.

व्हॅक्यूम चेंबर असेल तर कप सिलिकॉनच्या तिप्पट-चौपट उंच घ्या. हवा काढताना ते फुगून वर येतं, मग कोसळतं, आणि कोसळल्यावर एक-दोन मिनिटांत थांबायचं. चेंबर नसेल तरी १२,५०० सीपीएसच्या (हे दाटपणाचं माप, आकडा कमी तितकं पातळ) आसपासचं सिलिकॉन साबणासाठी चांगलं निघतं. आधी मऊ ब्रशने नक्षीवर पातळ थर लावून कोपऱ्यांतली हवा हलवून काढा. मग पेटीच्या एका कोपऱ्यात, फूटभर उंचावरून, दोऱ्याएवढी बारीक धार सोडा. पातळी आपोआप चढून नमुन्यांवर येऊ द्या. नमुन्यावर थेट ओतलं की त्याच्या टोकाखाली हवा अडकते. शेवटी पेटीच्या कडेला हलके टिचक्या मारा.

काही विक्रेते दाट माल पातळ करायला सिलिकॉन तेल सुचवतात. ते घातलेला साचा मऊ होतो, लवकर फाटतो आणि तेल हळूहळू पृष्ठभागावर येऊन साबणाला तुपकट करतं. त्यापेक्षा पातळ सिलिकॉनच विकत घ्या.

साचा बिघडला तर कुठे चिकट आहे ते पाहा. सगळीकडे सारखा मऊ असेल तर प्रमाण चुकलं. फक्त नमुन्याला लागलेला पृष्ठभाग चिकट असेल तर नमुन्यात वर सांगितलेलं काहीतरी आहे. मध्येच ठिपके-ओघळ चिकट असतील तर कप खरवडला नाही. नक्षीत टोकदार दाणे आले तर ते अडकलेले बुडबुडे. साबणावर ते पुळीसारखे उठतात आणि साच्यातून ते दुरुस्त होत नाहीत.

सुटलेला साचा लगेच वापरू नये. टिनचा असेल तर निदान ३ दिवस हवेशीर जागी उघडा ठेवा, आतलं अल्कोहोल जाऊ द्या. प्लॅटिनमचा असेल तर साबण किंवा जेवण न शिजणाऱ्या ओव्हनमध्ये ८० अंशांना २ तास आणि मग १०० अंशांना तासभर तापवला की उरलेला ओशटपणा जातो आणि साचा गरम ओतणं जास्त चांगलं झेलतो. ओव्हन नसेल तर दोन दिवस थांबून साबणपाण्याने धुवा.

साबण ओतताना

मेल्ट अँड पोअर बेस ५५ ते ६० अंशांना ओता. त्याहून गरम ओतला तर सुगंध उडतो आणि भिंतीजवळ बारीक बुडबुड्यांचं जाळं येतं. ओतण्याआधी साच्यात आणि ओतल्यावर वरून आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा फवारा मारला की नक्षीतली हवा सुटते. गार झाल्यावर आधी साच्याच्या भिंती चारी बाजूंनी बाहेर ओढून हवा शिरू द्या, मग तळाला अंगठ्यांनी दाबा. घाईने नक्षीच्या बाजूने ओढलं की आधी साबण तुटतो, काही महिन्यांनी साचाही. पावसाळ्यात काढलेली वडी तासाभरात पॅक करा, नाहीतर ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढून थेंब धरतं. त्याचा दोष साच्याला देऊ नका.

कोल्ड प्रोसेसवाल्यांसाठी: सिलिकॉन लाकडासारखं ओल शोषत नाही, म्हणून साबण लाकडी पेटीपेक्षा उशिरा सुटतो. सुट्या नक्षीदार वडीला ३ ते ४ दिवस द्या. तेलांच्या वजनाच्या १ ते ३ टक्के सोडियम लॅक्टेट गार झालेल्या कॉस्टिकच्या पाण्यात घातलं तर वडी लवकर टणक होते. तरीही चिकटत असेल तर साचा ३ ते ४ तास फ्रीझरमध्ये ठेवून लगेच काढा. ओव्हनमध्ये ठेवून साबण जेल करणाऱ्यांना (म्हणजे उष्णतेने तो अर्धपारदर्शक होऊ देणाऱ्यांना) साबणाच्या बाजूंवर बारीक फोड दिसतात. ते अति उष्णतेने येतात. सिलिकॉन उष्णता धरून ठेवतं, म्हणून ओव्हन कोमट करून बंद करा आणि मगच साचा आत ठेवा.

सिलिकॉन वास पिऊन घेतं, हा त्याचा सर्वांत त्रासदायक गुण. लवंग, पुदिना, निलगिरी एकदा ओतली की पुढच्या चंदनाच्या वडीला तो वास येतोच. संत्रं-लिंबाच्या तेलांनी साचा थोडा फुगतोसुद्धा. वासागणिक साचे वेगळे ठेवा, पाठीवर पेनने नाव घाला. वास काढायचा तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा आणि मग काही दिवस वाऱ्यावर. पूर्ण जाईल अशी अपेक्षा नको. धुताना तारेची घासणी लावू नका, आणि एकावर एक रचून वजन ठेवू नका. एकदा वाकडा झालेला साचा वाकडीच वडी देतो.

कुठून घ्यावं

ठाणे-नवी मुंबईकरांना तीन वाटा आहेत. रेझिन आणि क्राफ्टचं सामान ठेवणारी दुकानं, ऑनलाइन मागवणं, आणि लोकलने क्रॉफर्ड मार्केट-प्रिन्सेस स्ट्रीटकडे जाऊन घाऊक घेणं. पहिला साचा करणाऱ्याने १ किलोचा संच घ्यावा, वरच्या हिशेबाने चार वड्यांचा साचा करून थोडं चाचणीला उरतं. ५ किलो स्वस्त पडतं खरं, पण उघडलेल्या डब्याचं आयुष्य सीलबंद डब्याएवढं नसतं, आणि पत्र्याखालच्या गरम माळ्यावर ते आणखी घटतं. डब्यावर बॅचची तारीख पाहूनच घ्या. सांडणारा, पुन्हा भरलेला, तारीख खोडलेला डबा परत करा.

काच लावायच्या ट्यूबमधल्या सिलिकॉनला कॉर्नफ्लोअर लावून साचा करायची एक स्वस्त युक्ती सगळीकडे फिरते. व्हिनेगरचा वास येणारं ते सिलिकॉन कणकेसारखं मळून नमुन्यावर दाबावं लागतं. दाबल्यामुळे बारीक नक्षी पुसते, आकसणं जास्त असतं आणि वास बरेच दिवस राहतो. शाळेच्या प्रकल्पाला चालेल, विक्रीच्या साबणाला नाही.

फाटलेले प्लॅटिनमचे साचे टाकू नका. स्वच्छ धुऊन, सुकवून, सुपारीएवढे तुकडे करून नव्या साच्याच्या पाठीच्या जाड भागात घाला. नक्षीवर निदान ८ मिलिमीटर ताजं सिलिकॉन चढल्यावरच तुकडे दाबायचे, नाहीतर त्यांच्या कडा साबणावर उमटतात. नवं प्लॅटिनम जुन्या प्लॅटिनमला घट्ट धरतं, मोठ्या लादीच्या साच्यात बराच माल वाचतो. तुकड्यांत टिनचा एकही नको.